व्याज चढायच्या आत

विडी घरकुलात, पाण्याच्या टाकीमागे
माझं टेबल, एक मशीन, एक छत्री.
बँकेनं मला मित्र म्हणून नेमलंय,
कागदावर तसंच लिहिलंय.
एका व्यवहारामागं थोडे पैसे सुटतात,
तेवढ्यावर मैत्री.

एप्रिल. बेचाळीस डिग्री.
फक्कीनं आखलेल्या गोलांत आधी चपला आल्या,
बाया मागाहून, सावली सरकेल तशा.
निळ्या पट्ट्याची, अंगठा तुटलेली,
आणि एका गोलात नुसतीच वीट,
ती शालम्माची.

पाचशे रुपये जमा झालेत, हे सगळ्यांना माहीत होतं.
आज काढले नाहीत तर रात्री परत जातात,
हेही सगळ्यांना माहीत होतं.
पहिलं खरं होतं.
गर्दी दुसऱ्यानं जमवली.

अंगठा कुणाचाच लागेना.
तीस तीस वर्षं पान कापून, जर्दा भरून, दोरा गुंडाळून
रेषाच उरल्या नव्हत्या.
ओळख पटली नाही, मशीन म्हणायचं.
मी म्हणायचो, शेजारचं ठेवा. मधलं. आता डावा हात.
बालामणी गड्डमची शेवटी करंगळी लागली.
'हिलाच काय काम नसतंय,' ती म्हणाली,
आणि करंगळीकडं जरा रागानंच बघितलं.

'पाचशेत काय येतंय बे,' नागनाथ ओरडला.
त्याचं खातं त्या योजनेत नव्हतंच.
शमशादबीनं नोट कपाळाला लावली, दोनदा.
राजेश्वरी कोंडानं शंभरच काढले:
'चारशे ऱ्हाऊ देत. सगळे काढले तर
वाटंल, लई हावरी आहे बाई.'
कुणाला वाटेल, ते तिनं सांगितलं नाही,
पण बोट वर केलं होतं, आभाळाकडं.
एकीला आलेच नाहीत.
तिनं पासबुक उलटंसुलटं करून पाहिलं,
मग माझ्या हातात दिलं,
जणू मी नीट वाचलं तर येतील.

रेशनचा तांदूळ आला. जाड आहे म्हणून कुरकुर झाली,
कुरकुरणाऱ्यांनीही पिशवी काखेत घट्ट धरलेली.
डाळ येऊलालीय, दुकानदार म्हणाला.
ती जुलैपर्यंत येऊलालीच होती.

मग मे महिन्यात एका रात्री टीव्हीवर वीस लाख कोटी.
सकाळी जॉबर मल्लेशमनं
यंत्रमागाच्या बंद शटरवर विटकरीनं दोन काढला
आणि पुढं शून्यं.
तेरा लागली.
शटर संपलं, शेवटची दोन भिंतीवर गेली.
पोरं मोजत बसली, कुणाला एक जास्त, कुणाला एक कमी.
मालक इराबत्ती म्हणाले, आम्हाला कर्ज मिळणार, बिनतारण.
'आणि आम्हाला?'
मालक टॉवेलांच्या थप्पीकडं बघत राहिले.
फेब्रुवारीपासूनची थप्पी, वरच्या टॉवेलावर मांजर व्यालेलं.

ब्रँच उघडली, पान मिळायला लागलं,
त्या आठवड्यात बालामणी आली.
पदराच्या गाठीत तीन पाचशेच्या नोटा.
'परत भरून घ्या.'
कुणाला?
'ज्यांनी दिले त्यांना.'
अहो, ते परत द्यायचे नसतात.
ती हसली. बचत गटाचा साहेबही आधी असाच गोड बोललेला,
सावकाश द्या म्हणून.
मग दर मंगळवारी दारात मोटारसायकल.
'घ्या. व्याज चढायच्या आत घ्या.'

मशीनमध्ये पाहिलं. काढणे. भरणे. शिल्लक.
परत करणे, असं काही नव्हतं.
मी भरणे दाबलं. तिचेच पैसे, तिच्याच खात्यात.
तिनं न सांगता करंगळी ठेवली.
पावती लांब धरून विचारलं,
'फिटले, असं लिहिलंय ना हितं?'
मी बॉलपेननं कोपऱ्यात लिहिलं: फिटले.
'तेलुगूत,' ती म्हणाली.
ते मला येत नव्हतं.
मल्लेशमला हाक मारली.