अबोली

वाप्पांच्या टेबलाला उत्तरेची खिडकी.
खरेदी सकाळी साडेनऊपर्यंत, मग पडदा.
"दुपारचा उजेड खोटं बोलतो," ते म्हणत,
"दिव्याचा तर शपथेवर बोलतो."

बेरुवलाच्या आमच्या गल्लीत नीलम
शेंगदाण्यांसारखे पुड्यांतून फिरतात.
पिवळे, जांभळे, दुधाळ,
भट्टीत जाऊन निळे होऊन आलेले.
पण तो एक रंग,
गुलाबी म्हणावं तर केशरी आड येतो,
केशरी म्हणावं तर गुलाबी रुसतो,
सिंहली लोक ज्याला कमळाचं नाव देतात
आणि मी मनात अबोली म्हणते,
तो आमच्याकडे वाप्पांच्या उमेदीत एकदाच आला.

मी सात वर्षांची.
रत्नपुऱ्याहून सिरिपाल बसने आला,
पायाच्या नखांत खाणीचा चिखल,
कमरेच्या गाठीत विड्याच्या पानात गुंडाळलेला दाणा.
चौघांनी अकरा महिने उपसलेलं पाणी,
जमीन दुसऱ्याची, डिझेल उधारीचं,
टोपली फिरवून फिरवून उरलेली खडी
आणि तळाशी हा, तुरीच्या दाण्याएवढा.
वाप्पांनी तो माझ्या तळहातावर ठेवला.
"कशासारखा?"
मांजराच्या पिलाच्या जिभेसारखा, मी म्हटलं.
ते इतके खूश होऊन हसले
की सिरिपालने तिथल्या तिथे भाव वाढवला.

सत्तरी उलटली आणि तो रंग
वरचेवर यायला लागला.
मार्चमध्ये दोन. रमझानच्या आधी तीन.
वाप्पा भिंग लावत, श्वास धरत,
"झुलैहा, लिही."
मी लिही. वजन, किंमत, आणणाऱ्याचं नाव.
रंगाच्या रकान्यात त्यांचा शब्द, माझं अक्षर.
गल्लीत कुजबुज होती:
मरिक्कारांकडे गुलाबी न्या, कमळाचे पैसे मिळतात.
जिन्यावर अनोळखी चपला वाढल्या.

मला दिसत होतं.
गुलाबी. चांगले, साधे, गुलाबी.
पण ज्या घरात भातसुद्धा
एका माणसाच्या नजरेवर शिजतो,
तिथे त्या नजरेला कोणी काय म्हणायचं?
त्या दुखण्याचं नावही कसं, मोतीबिंदू.
जवाहिऱ्याच्या डोळ्यात शेवटी
फुकट आलेला दागिना.

कोलंबोला पट्टी सुटली तेव्हा
ते पहिलं वाक्य बोलले,
"भिंतींना निळा रंग कधी दिलात?"
भिंती पांढऱ्या होत्या.
नर्स हसली. मी नाही.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी, पावणेनऊला,
त्यांनी तिजोरीतल्या एकोणीस पुड्या मांडल्या.
एक उघडली. मिटली.
दुसरी. तिसरी.
कागदाच्या घड्यांचा तेवढा आवाज.
सतराव्या पुडीला त्यांनी चष्मा पुसला,
नव्या डोळ्याला त्याची गरज नव्हती.
चहावर साय धरली.

मी वाट पाहत होते ओरडण्याची.
"तुला दिसत होतं," यासाठी उत्तर
मी कोलंबोपासून बसमध्ये तयार करत आले होते.

ते विचारलंच नाही त्यांनी.
विसाव्या शतकातला माणूस, हिशेब उलटा लावतो.
बोट टेबलावर ठेवून म्हणाले,
"मला गुलाबी केशराकडे झुकलेलं दिसलं.
मग जो खरोखरच तसा असेल,
तो मला निव्वळ केशरी दिसला असणार.
झुलैहा, मी परत पाठवलेल्यांत
काही होतं?"

परत गेलेल्यांची नोंद वहीत नसते.
पण निळ्या शर्टातला, कान फाटलेला एक पोरगा होता,
ऑगस्टमध्ये. त्याने पुडी उघडली
आणि माझ्या तळहाताला एकदम
सात वर्षांची आठवण झाली.
"नारिंगी आहे, दुसरीकडे बघ,"
वाप्पा म्हणाले होते,
आणि मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेले होते,
पायऱ्या जपून उतर, इतकंच बोलून.

साडेनऊ झाले होते.
मी उठून पडदा ओढला.