शेवटचे हात

लोक कशाकशात आणतात:
काड्यापेटीत, केळीच्या पानात,
एकदा तर चहाच्या कपात, वर बशी झाकून.
मी नाव लिहितो, गाव लिहितो, वेळ लिहितो.
झोम्बाच्या सरकारी दवाखान्यात अकरा वर्षं
माणसांची पोटं वाचतोय.
बायको म्हणते, न्यासुलु, जेवताना तरी गप्प बस.

सगळे म्हणतात हगवण.
त्या एका हाकेला पाच जण ओ देतात.
रक्त, शेंब आणि मुरडा असला
तर कुणीतरी आतून आतडं सोलतंय.
तेलकट, फेसाळ, आठवडेच्या आठवडे असलं
तर काचेखाली दोन डोळ्यांचा चेहरा दिसतो,
तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे.
थंडीत, दुधपित्या पोरांना, आधी ओकारी आणि मग नुसतं पाणी:
तो माझ्या भिंगात मावतच नाही, इतका बारीक.
मी लिहितो, 'काही आढळले नाही'.
पोर ढाळतच राहतं.

आणि तांदळाच्या धुवणासारखं असलं,
वास किंचित माशाचा,
तर मी आधी खुर्ची मागे सरकवतो.

एनेलेसी आली चिल्वा तलावाकडून,
नातू पाठीला बांधलेला, चार वर्षांचा तियामिके.
नर्सने त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरली, सोडली.
ती तशीच उभी राहिली.

भाऊ गेला माझा, म्हातारी म्हणाली,
तलावावरच राहायचा, बोरूच्या तरंगत्या झोपडीत.
एका कडेला बसायचा, दुसऱ्या कडेला पेला बुडवायचा.
मयताला सगळं गाव जेवलं.
परात फिरली हात धुवायला: आधी मुखिया,
मग पाद्री, मग म्हातारे, मग पुरुष, मग आम्ही.
पाणी तेच.
पोरगं शेवटी.
मोठ्यांच्या आधी हात बुडवायचा नाही,
शिकवलंय मी त्याला.
हे सांगताना तिचा आवाज जरा ताठ झाला.

थेंब काचेवर ठेवला.
तलावावर संध्याकाळी चिलटांचा ढग उठतो ना, तसं सगळं
सुळकन इकडे, सुळकन तिकडे.
सिरमचा थेंब सोडला
आणि ढग जागच्या जागी थिजला.
मी लिहिलं: पटकी. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं.

मधोमध भोक पाडलेली खाट,
खाली बादली, वर बाटली.
रात्रभर नर्स बादलीतलं मोजत राहिली,
तितकंच वरून घालत राहिली.
याहून मोठं शास्त्र इथे नाही.
मीठ, साखर, पाणी, आणि जागणारं माणूस.

तिसऱ्या दिवशी त्याने न्सिमा मागितला.
मी नव्या काड्यापेट्या घेऊन वॉर्डातून चाललो होतो.
नर्सने जग तिरका केला, धार धरली:
चल, हात पुढे कर.
तियामिकेने हात मागे घेतले,
आजीकडे पाहिलं.
धार फरशीवर पडत राहिली.