दोन बोटं पुढे

कॅमेरा विचारतो, कुठली लेन्स?
यादी लांबलचक आहे. तीत ही नाही.
मी 'माहीत नाही'वर बोट ठेवतो.
या पैशात दोन स्कूटी आल्या असत्या,
हे घरी महिन्यातून एकदा निघतंच,
आणि अशा यंत्राच्या तोंडावर मी फिरवून बसवतो
गोळीबार चौकातल्या दौलत बागडेंची पन्नास एमएम,
कडेचा काळा रंग उडून पितळ दिसणारी,
मे महिन्यात ग्रीस वितळून सैल,
डिसेंबरात हट्टी.

त्यांच्या मुलीनं, कुमुदताईंनी दिली.
"बाबाचा कॅमेरा भंगारात गेला.
हे राह्यलं बटनांच्या डब्यात.
तुमच्या कामाचं असन तं न्या."

मधल्या पिवळट चौकोनात माणूस दोनदा दिसतो.
रिंग फिरवत न्यायची.
दुसरा पहिल्यात शिरला की जुळलं.
जुळलं, मी दाबलं,
आणि पडद्यावर कुमुदताईंची चमकी लख्ख,
तिचे पैलू मोजावेत इतकी.
डोळे मात्र दुधात.
पुन्हा काढला. पुन्हा चमकी.
"राहू द्या ना," त्या म्हणाल्या,
"मोतीबिंदूच्या आधी मलेबी असंच दिसे."

अंबाझरीचा पलीकडचा काठ तर तिनं
एकदाही धड धरला नाही.
रिंग अनंताच्या खुणेवर जाऊन टेकते
आणि अनंत त्याच्या थोडं पुढे असतं.

इतवारीत तय्यबभाई घड्याळं उघडतात,
लेन्स उघडतात ती कुणी फारच गळ घातली तर.
त्यांनी आधी कूलर बंद केला.
सत्तेचाळीस डिग्रीत, घाम मनगटानं पुसत
एक कडी सोडवली, मग दुसरी,
आणि चिमट्यात धरून दाखवली
सिगारेटच्या पाकिटातली चांदी,
बांगडीसारखी गोल कातरलेली.
"हे कंपनीचं नोहे. हातानं टाकलं कोणी.
त्याचा कॅमेरा वाकडा असन,
तं त्यानं लेन्स तेवढीच वाकडी केली.
हिसाब बराबर.
काढू का?"

मला कुमुदताईंच्या भिंतीवरचे फोटो आठवले.
स्थळासाठी म्हणून बसवलेल्या मुली,
पहिल्या पगाराचा शर्ट घातलेला कोष्ट्याचा पोरगा,
एक हवालदार, मांडीवर टोपी.
सगळ्यांचे डोळे असे
की खोलीत कुठंही उभं राहा, सापडता.

म्हणजे दोघांच्या चुका चाळीस वर्षं
एकमेकींत बसल्या होत्या,
शेजार म्हणावा तशा.
त्यातली एक कुठल्यातरी भट्टीत वितळली.
दुसरी अजून तिच्या अंगावर कलून उभी आहे,
ती तिथं नाही हे तिला कुणी सांगितलेलं नाही.
माझा कॅमेरा अचूक आहे.
त्याला टेकायला जागा नाही.

"राहू द्या," मी म्हणालो.
तय्यबभाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
"उघडायचे दोनशे, झाकायचे दोनशे.
कामाचे काही नाही, काम झालंच नाही."

यानंतर जे सुचलं ते आधीही सुचायला हवं होतं.
चौकोनात माणूस एक झाला, की थांबायचं नाही.
श्वास सोडत दोन बोटं पुढे झुकायचं,
मग दाबायचं.
दोनच. तीन झाली तर कान येतात.
यादीत याचा पर्याय नाही
आणि फोटोच्या माहितीत
लेन्सच्या रकान्यापुढे अजून नुसती रेघ.

आज सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीवर
मडावींचा चेहरा वाफेतून जुळवला,
झुकलो, दाबलं. पापणीवरचा घामसुद्धा आला.
मागे मेट्रोचा खांब लोण्यासारखा.
उन्हाची एक तिरीप काचेत शिरून
अख्ख्या फोटोवर फिकट जांभळी सांडलेली,
ती मी पुसणार नाही.
पुन्हा जुळवलं. पुन्हा झुकलो.

"भाऊ," डाव तसाच हवेत धरून मडावी म्हणाले,
"असे वाकून वाकून काय पाहून राह्यले?
तर्रीत काही पडलं का?"