टोक

शेफील्ड, रेल्वेपुलामागची प्रयोगशाळा, रात्रपाळी.
यंत्र पोलादी पट्टीला ओढतं, सोडतं,
सेकंदाला दहादा,
आणि मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून
भेगेचं टोक शोधते.

एक लाख चाळीस हजार फेऱ्या : दोन पूर्णांक तीन मिलिमीटर.
एक लाख साठ हजार : तेवढीच.
"झोपलीय," वेंडल म्हणायचा, "उठवू नकोस."
मघाशी पट्टीला एकच जोराचा हिसका दिला होता.
अशा हिसक्यानंतर भेग थबकते,
हजारो फेऱ्या हूं की चूं करत नाही.
का, ते मला समीकरणात मांडता येतं.
त्याला नुसतं ठाऊक होतं.

त्याच्या मगाला कानापासून खाली तडा,
चहा मुरून तपकिरी झालेला.
टोकाशी पेन्सिलची आडवी रेघ, शेजारी तारीख.
मार्च अठ्ठ्याऐंशी.
ऑगस्ट त्र्याण्णव, नखभर खाली.
मग दोन हजार चार, आयरीन गेली ते साल :
त्याच रेघेवर दुसरी तारीख.
त्यानंतरच्याही सगळ्या तिथेच,
एकीवर एक, वाचता न येणाऱ्या.

निवृत्त झाला तेव्हा मग इथेच राहिला.
विसरला म्हणावं, तर
स्वच्छ धुऊन पालथा घातलेला.

मी त्यात चहा ओतत नाही.
पहाटे चारला, आकडे वहीत उतरवून झाले
की फक्त भिंग धरते.
आज रेघेच्या पुढे केसभर काहीतरी दिसलं.
तडा असेल, किंवा दिव्याची सावली.

पेन्सिलला टोक काढून ठेवलंय.