एलिसेओ, ३१४० ग्रॅम

डेल्फिना आर्चुलेटाच्या एकोणीस वह्या
सोमवारी माझ्या टेबलावर आल्या,
हिरव्या पुठ्ठ्याच्या, पानांना आकडे घातलेल्या,
सोबत अर्ज:
निवृत्त होते आहे. जमल्यास एखादी घरी न्यावी म्हणते.

जमत नाही.
हे तिला माहीत आहे, मलाही.
तरी अर्ज आला की वाचावं लागतं, ओळ न् ओळ;
आणि संध्याकाळी तिजोरीवरची चुंबकाची पाटी
'उघडी'वरून 'बंद'वर फिरवताना
वाचलेलं आत ठेवून यायचं.
पूर्वी मीही भौतिकशास्त्रज्ञ होतो.
आता माझ्याकडे दोन शिक्के आहेत.

खोऱ्यातून पहाटे पावणेपाचची बस,
पिन्यॉनच्या झाडांमधून पठारावर चढणारी;
फाटकाशी बिल्ला, आत आणखी एक फाटक,
फोन लाकडी खणात,
मग काचेच्या पेटीत कोपरापर्यंत हात,
शिशाचा थर दिलेल्या, दुसऱ्या कुणाच्या तरी मापाच्या मोज्यांत.
एकतीस वर्षं तिनं तो धातू हाताळला
आणि एकदाही त्याला शिवली नाही.
निघताना यंत्रावर दोन्ही तळवे, उघडे.
झाकली मूठ इथे चालत नाही.

तो म्हातारा होतोय. किती, एवढंच आमचं काम.
आपल्याच उष्णतेनं कोमट,
पोटात हेलियमचे बुडबुडे धरणारा.
न वाजवता सांगायचं
की घंटेला तडा नाही.
वाजली तर काय,
हे जेवणाच्या टेबलावर कुणी काढत नाही;
तिथे मिरच्या कशा भाजाव्यात यावरून वाद,
पेन्शनवरून, छपरावरच्या बर्फावरून.
हॅल्वर नावाच्या नव्या पोरानं एकदा काढलं.
सगळे आपापल्या डब्यात बघत राहिले.
डेल्फिना म्हणाली, "मीठ दे इकडे."

अकराव्या वहीच्या बासष्टाव्या पानावर
तिचं टपोरं, डावीकडे झुकलेलं अक्षर:
वेळ, पेटीचा क्रमांक, धातूचं वजन
(ते इथे लिहिणार नाही, विचारू नका)
आणि त्याखाली, त्याच शाईत,
एलिसेओ, ३१४० ग्रॅम.

मी सांकेतिक नावांची यादी काढली.
जुनी. मग तिच्याहून जुनी.
एलिसेओ नाही.
चौथ्या दशांशापर्यंत जाणारी ही बाई
इथे पूर्णांकावर थांबलेली,
चूक किती असू शकेल तेही दिलेलं नाही.
एवढा जड तुकडा कुठल्या पेटीत होता?
दोन माणसांशिवाय वजन होत नाही,
मग दुसरी सही कुठे?

गुरुवारी तिला बोलावलं.
चष्मा कपाळावर चढवून ती वाकली,
आणि इतकी हसली की रखवालदार डोकावून गेला.
"अरे टोबायस, त्या दिवशी लेक बाळंत झाली माझी.
फोन खणात. फाटकावरच्या पोरानं चिठ्ठी आत धाडली,
नाव आणि वजन, बस्स.
हात नुकते मोज्यांतून काढलेले, समोर वही.
दुसरी कुठे लिहिणार होते?"

पान फाडता येत नाही. कापता येत नाही.
नियमांच्या जाड पुस्तकात
नातवासाठी कलम नाही.
मी कोरा कागद पुढे सरकवला.
"तूच लिही."
तिनं लिहिलं. अक्षर थोडं मोठं झालंय आता.
मी वाचलं, नियमाप्रमाणे, दोनदा.
दोन शिक्क्यांपैकी क्वचित लागणारा उचलला,
त्याची शाई वाळलेली, त्यावर फुंकर घातली:
गोपनीय नाही.

ती कागद घडी घालेना.
"वजन आहे," म्हणाली. "दुसरी सही?"
मी केली.

चौदा वर्षांचा आहे तो पोरगा. शनिवारी बाजारात दिसला,
मिरच्यांचं पोतं खांद्यावर, बूट माझ्याहून मोठे.
मला ओळखत नाही.
वह्या तळघरात गेल्या, एकोणीसच्या एकोणीस;
अकरावीत, बासष्टाव्या पानावर, धातूच्या खाली
त्याचं वजन अजून गुपित आहे.