लाल थर

हातोदच्या पुढे, सोयाबीन निघालेल्या रानात
मी चार सळया ठोकते एका रेषेत
आणि एकेकीच्या बुडाशी ओतते
तांब्याभर मिठाचं पाणी.
गेंदाबाई बांधावरून म्हणते,
पाणी शोधायला आलीस, की सांडायला?
केबल उलगडता उलगडता बद्रीलाल हसतो.
उत्तर आहे माझ्याकडे,
पण ते ओहममध्ये आहे.

वीज सोडायची खाली, कुठे किती अडते ते लिहायचं.
काळी माती, मुरूम, मग दगड.
इथे डोंगर नाही, जमीनच उसवली होती,
दुधावर साय धरावी तसा लाव्हा पसरला
आणि थांबला.
माझा प्रबंध त्या थांबण्यावर आहे.
पुढचा लाव्हा येईतो हजारो वर्षं
ऊन, पाऊस, गंज,
त्याचा उरला हातभर लाल थर.
पाणी असलंच तर त्याच्या आसपास.

(आई अजून विचारते,
ज्वालामुखी शिकतेस तर धूर कुठाय?)

बद्रीलालचे काका तळहातावर नारळ घेऊन फिरले.
नारळ उभा राहिला
माझ्या खुणेपासून अठरा पावलांवर.
गेंदाबाईने माझं ऐकलं.
माझ्याकडे यंत्र होतं.

गाडी रात्रभर घरघरली.
एकशे ऐंशी फुटांवर लाल चिखल आला,
मुठीत वळला जाईल इतका ओला.
मी तो पिशवीत भरला, वर तारीख घातली.
तीनशेवर धूळ.
पाचशेवर धूळ.
गेंदाबाईने पदराने तोंड पुसलं, चहा ठेवला.
नव्वद हजार, हे बद्रीलालने सांगितलं, परतताना,
गाडीचा आरसा नीट करत.

वहीत मी लिहिलं: कोरडी.
प्रबंधाला कोरडीही चालते,
रकाना भरतो.

सुदामानगरात एक दिवसाआड
पहाटे नर्मदा येते, घाट चढून, नळातून.
आई पिंप भरतेय, बाबा मोटर लावतायत,
शेजारचे सप्रे गाडी धुतायत.
मी सळया धुवायला बसले
आणि नळ बंद केला.
फडक्याने पुसल्या.
लाल निघत नाही.

फोन वाजला तेव्हा उजाडलंही नव्हतं.
गेंदाबाई.
रडली नाही, रागावलीही नाही.
ती नारळाची जागा, म्हणाली,
तेवढी मोजून देशील?

मी हो म्हटलं.
मग स्वयंपाकघरात जाऊन
आईला विचारलं, जाडं मीठ आहे का.