तळाशी आजचीच तारीख

पानाच्या तळाशी आजची तारीख.
काल कालची होती.
हेल्वे म्हणते, हे तर नुसतं घड्याळ,
याची साक्ष कोण धरणार?

पर्नूचं वाचनालय. चारलाच अंधार.
बेटाच्या बोटीचं वेळापत्रक:
भाडं अजून क्रूनमध्ये,
म्हणजे युरोच्या आधीचं.
फोटोची फाइल उघडली, तर तिच्या पोटात
मे महिना, दोन हजार आठ.
धक्क्यावर एंडेल, हातात लोकरी मोजे,
ऐन मे महिन्यात!
खाली चौकशीसाठी त्याचाच नंबर.
त्याला जाऊन तीन हिवाळे झाले.

ती भाडं बदलते. वेळा बदलते.
नंबरापाशी कर्सर लुकलुकत राहतो
बराच वेळ.
तो तसाच ठेवून
पान जतन करते.

तळाशी आजची तारीख.
आज खरी.